मांस शेवटी घाला: उरलेल्या बीफच्या दाट सूपविषयी शंका-समाधान

नाताळच्या सुट्या संपल्या की परदेशातल्या वाचकांची एका विषयावरची पत्रं हमखास येतात. घरी बीफचा मोठा रोस्ट झाला, पाहुणे जेवून गेले, फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण किलो मांस उरलं. त्याचं दाट, क्रीम घातलेलं, पोटभरीचं सूप करायचं आहे, पण ते मनासारखं होत नाही. या वेळी गोव्यातून आणि पुण्याहूनही याच विषयावर पत्रं आली, म्हणून आजचं सगळं सदर या एका सूपला देते आहे.

प्रत्येकाची अडचण वेगळी आहे, पण उत्तराचं मूळ एकच आहे. कच्च्या मांसाचं सूप आणि शिजलेल्या मांसाचं सूप या दोन निरनिराळ्या पाककृती आहेत. कच्चं मांस पातेल्यात शिजता शिजता पाण्याला चव आणि दाटपणा देतं. शिजलेल्या मांसाने हे काम आधीच, दुसऱ्या भांड्यात उरकलेलं असतं. त्याच्याकडून पुन्हा तीच अपेक्षा ठेवली की सूपही पातळ राहतं आणि मांसही वाया जातं. म्हणून सूप आधी स्वतःच्या बळावर पूर्ण तयार करा आणि मांस शेवटी घाला. खालची बहुतेक उत्तरं या नियमातूनच निघाली आहेत.

प्रश्न: ताई, रविवारी ओव्हनमध्ये भाजलेला रोस्ट निम्मा उरला. दुसऱ्या दिवशी तुकडे करून भाज्यांबरोबर उकळायला ठेवला. मटण जितकं शिजवावं तितकं मऊ होतं, या हिशेबाने वेळ वाढवत गेले. मांस आधी चामट झालं आणि शेवटी नुसता चोथा उरला. काय चुकलं?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: मटणाचा तुमचा अनुभव खरा आहे, पण तो या रोस्टला लागू पडत नाही. रस्स्यासाठी आपण घेतो ते मटण खांद्याचं, मानेचं, नळीचं असतं. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन त्यात भरपूर असतं. ओल्या उष्णतेत, साधारण ७० अंश सेल्सियसच्या वर बराच वेळ राहिलं की कोलॅजेन हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. हे जिलेटिन धाग्यांमध्ये पसरतं, म्हणून मांस मऊ लागतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो.

ओव्हनमध्ये कोरडा भाजायचा रोस्ट बहुधा टॉप राउंड, आय राउंड किंवा सरलॉइनचा असतो. या भागांत कोलॅजेन कमी आणि स्नायू जास्त. तापमान चढत जातं तसे स्नायूंचे धागे आवळत जातात आणि ओला टॉवेल पिळावा तसं आतलं पाणी बाहेर पडतं. आतून गुलाबी ठेवलेला रोस्ट ५५ ते ६० अंशांच्या आसपास ओव्हनमधून काढलेला असतो. तो उकळत्या सूपमध्ये तासभर ठेवला की जवळजवळ १०० अंशांपर्यंत जातो. गेलेलं पाणी परत येत नाही आणि त्याची उणीव भरून काढायला पुरेसं जिलेटिनही तिथे नसतं.

पॉट रोस्टची गोष्ट वेगळी. तो चक, ब्रिस्किट किंवा शँकचा असतो आणि झाकण लावून, रसात, तीन-चार तास मंद शिजवलेला असतो. त्यातलं कोलॅजेन विरघळलेलं असल्यामुळे तो सूपमध्ये वीस मिनिटं राहिला तरी बिघडत नाही. मात्र तो फार ढवळला तर धागे सुटून सूपमध्ये विखुरतो.

आपल्याकडे कोणता प्रकार उरलाय हे आठवत नसेल, तर थंड मांसाचा एक तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढा. धागे सहज मोकळे झाले तर तो पॉट रोस्टच्या जातीचा. ओढूनही एकसंध राहिला तर कोरडा भाजलेला. या दुसऱ्या प्रकाराला उकळी दाखवायचीच नाही. मांस फ्रिजमधून काढल्या काढल्या, थंड असतानाच कापा, कारण तेव्हाच ते नीट कापलं जातं. धाग्यांच्या दिशेला आडवी, अर्ध्या सेंटीमीटरची कापं घ्या आणि त्यांचे लहान चौकोन करा. आडवं कापल्याने प्रत्येक घासातला धागा आखूड होतो आणि चामटपणा जाणवत नाही. सूप पूर्ण झाल्यावर, आच मंद करून, हे तुकडे पाच ते सात मिनिटं आत ठेवा. एवढ्या लहान तुकड्यांना तेवढा वेळ पुरतो.

प्रश्न: पॉट रोस्ट उरला आहे. चौघांना रात्रीच्या जेवणाऐवजी चालेल असं दाट सूप हवं आहे. मी कॉर्नफ्लोअर लावते, पण सूप बुळबुळीत होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं. प्रमाणासह कृती द्याल का?
— एक वाचक, मिसिसागा, कॅनडा

उत्तर: कॉर्नफ्लोअर झटपट दाटपणा देतं, पण ते फार वेळ उकळलं तर पुन्हा सैल पडतं आणि थंड करून ठेवलं तर पाणी सोडतं. पोटभरीच्या सूपला लोण्यात परतलेला मैदा आणि बटाटा या दोघांचा आधार द्यावा. मैद्याने सूप एकजीव होतं, बटाट्याने त्याला अंग येतं.

चौघांसाठी साहित्य: शिजलेलं बीफ ३५० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम आणि मैदा ४० ग्रॅम, एक मोठा कांदा, दोन गाजरं, सेलरीचे दोन देठ, लसणाच्या तीन पाकळ्या, बटाटे ३०० ग्रॅम, मशरूम २०० ग्रॅम, बीफचा स्टॉक एक लिटर (पॉट रोस्टचा उरलेला रस त्यातच मोजावा), दाट क्रीम १५० मिलिलिटर, टोमॅटो पेस्ट एक मोठा चमचा, तमालपत्र, थाइम, मिरपूड, शेवटी एक लहान चमचा मोहरीची पेस्ट.

सुरुवात मशरूमपासून. जड बुडाचं पातेलं चांगलं तापवा आणि कापलेले मशरूम तेल न घालता पसरा. दोन-तीन मिनिटांत त्यांना भरपूर पाणी सुटेल. घाबरू नका, मीठही घालू नका. ते पाणी आटेपर्यंत थांबा. चरचर ऐकू येऊ लागली की थोडं लोणी घालून कडा तपकिरी होऊ द्या आणि मशरूम काढून ठेवा. आपलं मांस आता नव्याने चव देणार नाही. ती उणीव हे परतलेले मशरूम भरून काढतात.

त्याच पातेल्यात उरलेलं लोणी, बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी आणि चिमूटभर मीठ घाला. आठ-दहा मिनिटं मध्यम आचेवर कांदा पारदर्शक होईपर्यंत परता. लसूण घाला. टोमॅटो पेस्ट घालून तिचा भडक लाल रंग विटकरी होईपर्यंत हलवा. तिचा कच्चा आंबटपणा इथेच मोडतो. मग मैदा भुरभुरवा आणि दोन मिनिटं परता. मैदा लोण्यात भिजून प्रत्येक कण सुटा व्हायला हवा, म्हणजे पुढे गुठळ्या होत नाहीत.

आता स्टॉक. पहिली एक वाटी घालून लाकडी उलथन्याने पातेल्याचा तळ खरवडा. मशरूम आणि कांद्याने तळाला धरलेली तपकिरी खरपुडी तिथे असते आणि सूपचा रंग आणि खोली तिच्यातच आहे. ती पूर्ण सुटली की बाकीचा स्टॉक तीन-चार वेळा करून घाला, दर वेळी ढवळून एकसारखं करा. बटाट्याच्या फोडी, तमालपत्र, थाइम घालून झाकण अर्धवट ठेवा आणि मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा. मैद्याचा कच्चा वास जायलाही एवढा वेळ लागतोच.

बटाटे शिजले की पाच-सहा फोडी पातेल्याच्या कडेला दाबून मोडा. चव घ्या. या टप्प्याला सूप मांसाशिवायही चांगलं लागलं पाहिजे. लागत नसेल तर पुढे जाऊ नका. मीठ, मिरपूड किंवा आणखी पाच मिनिटांचा वेळ, जे कमी असेल ते आधी द्या. मग मशरूम आणि मांस घाला. पॉट रोस्ट आहे, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं चालतील. आच अगदी कमी करून क्रीम आणि मोहरीची पेस्ट मिसळा, एकदा गरम होऊ द्या आणि उतरवा.

बार्ली आवडत असेल तर बटाटा कमी करून ८० ग्रॅम पर्ल बार्ली स्टॉकबरोबरच घाला. तिला ४० ते ४५ मिनिटं लागतात आणि ती बरंच पाणी पिते, म्हणून मैदा निम्मा करा आणि वाटीभर स्टॉक जास्त ठेवा. दुसऱ्या दिवशी बार्लीचं सूप आणखी घट्ट होतं. गरम स्टॉक घालून सैल करा.

प्रश्न: क्रीम घातलं की कधी सूप छान होतं, कधी फाटतं. एकदा साधं दूध वापरलं, एकदा सावर क्रीम. दोन्ही वेळा कण दिसले. नियम काय?
— एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर: फाटतं ते दुधातलं प्रथिन, मुख्यतः केसिन. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की ते गोळा होतं. घरी आपण लिंबू पिळून पनीर करतो, तेव्हा नेमकं हेच घडवून आणतो. सूपमध्ये टोमॅटो, वाइन किंवा व्हिनेगर असेल तर आम्ल आहेच. वरून खळखळून उकळी दिली की पनीर होणारच.

स्निग्धांश जितका जास्त, तितकं प्रथिन कमी आणि फाटण्याचा धोकाही कमी. तुमच्याकडचं डबल क्रीम ४८ टक्के स्निग्धांशाचं असतं, ते उकळीही सोसतं. सिंगल क्रीम १८ टक्क्यांचं, ते आच मंद करूनच घालावं. दुधात स्निग्धांश अगदी कमी, म्हणून आंबट सूपमध्ये दूध टाळा. सावर क्रीम आणि दही तर आधीच आंबट असतात. ती उकळत्या सूपमध्ये थेट पडली की फाटणार हे ठरलेलं.

उपाय दोन. पहिला, मैदा. सूपमध्ये मैदा आधीच शिजलेला असला की तो प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. दुसरा, सावकाशपणा. सावर क्रीम फ्रिजमधून आधी काढून ठेवा. वाडग्यात घेऊन त्यात गरम सूपची एक पळी घाला, फेटा, दुसरी पळी घाला, पुन्हा फेटा. मग हे मिश्रण आच बंद केलेल्या पातेल्यात ओता. आपण कढी करताना दह्याला बेसन लावून ते मंद आचेवर सांभाळतो, त्यातही हीच दोन तत्त्वं आहेत.

सावर क्रीम, मोहरी आणि बीफ हे त्रिकूट जुनं आणि सिद्ध आहे. रशियन लेखिका एलेना मोलोखोवेत्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकाच्या १८७१ च्या आवृत्तीत बीफ स्ट्रोगानॉफची जी कृती आहे, तिच्यात मोहरी आणि सावर क्रीम आहेत. मशरूम आणि नूडल्स या पदार्थाला पुढे येऊन मिळाले. तुमच्या सूपला हीच चव हवी असेल तर टोमॅटो पेस्ट गाळा आणि मोहरीचं प्रमाण दुप्पट करा.

सूप फाटलंच तर फेकू नका. ते खायला निर्धोक असतं. मांसाचे तुकडे झाऱ्याने काढून घ्या, उरलेलं मिक्सरमधून फिरवा आणि मांस परत घाला. थोडे कण राहतील, पण सूप बरंच एकजीव होईल.

प्रश्न: आमच्याकडे सणावाराला आसाद होतो आणि थोडा उरतोच. मुलांना त्याचं क्रीमचं सूप हवं असतं. व्हिनेगरमुळे दूध घालायला भीती वाटते.
— एक वाचक, मडगाव

उत्तर: तुमची भीती रास्त आहे, दूध घालूच नका. पण आसादाचा रस मुळीच टाकू नका. व्हिनेगर, आलं-लसूण, दालचिनी, लवंग, मिरी आणि सुक्या मिरच्यांत मुरलेलं मांस मंद शिजून तो रस तयार झालेला असतो. सूपचा सगळा मसाला तिथेच आहे. वेगळा मसाला घालायची गरज नाही.

त्या रसाच्या एका वाटीला साध्या स्टॉकच्या तीन वाट्या घ्या. थंड रसावर गोठलेली चरबी आधी काढून घ्या. तिच्यातली चमचाभर चरबी कांदा परतायला ठेवा, लोण्याची गरज पडणार नाही. कांदा, गाजर आणि दोन मोठे बटाटे परतून त्यात स्टॉक घाला. बटाटे पूर्ण शिजले की निम्म्या फोडी रवीने घोटा. मुलांना जो मऊ, मलईदार पोत हवा आहे, तो बहुतेक इथेच मिळतो. आसादाचा रस यानंतर घाला. आम्लात बटाटा लवकर शिजत नाही, म्हणून हा क्रम पाळा. मग मांसाचे लहान तुकडे.

क्रीम हवंच असेल तर आपल्याकडच्या डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. चार वाट्या सूपला पाऊण वाटी क्रीम पुरे. त्यात अर्धा चमचा मैदा नीट मिसळा आणि लेस्टरच्या वाचकांना सांगितलं तसं पळीपळीने गरम करून आच बंद केल्यावर घाला. नारळाचं पहिलं दाट दूधही इथे शोभतं, पण त्यालाही उकळी देऊ नका.

गोव्यातल्या कॅथलिक घरांत मॅकरोनी आणि भाज्या घालून होणारं दाट सूप, सोपा ग्रोसा, तुम्हाला ठाऊक असेलच. त्या धर्तीवर मॅकरोनी घालायची असेल तर ती वेगळी उकडा आणि वाढताना वाटीत घाला. पातेल्यात राहिली की ती सूप शोषून घेते आणि लगदा होतो.

प्रश्न: बकरीदनंतर मोठ्याचं मटण उरतं. आम्ही ते कुकरला उकडून ठेवतो. त्याचं असं सूप होईल का? बार्ली, सेलरी, थाइम आम्ही आणत नाही.
— एक वाचक, कोंढवा, पुणे

उत्तर: होईल, आणि उत्तम होईल. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे तुमच्याकडे असतं ते म्हशी-रेड्याचं मांस. त्याचा रंग गडद, चरबी पांढरी आणि धाग्यांमधली चरबी कमी. जनावर वयस्क असेल तर त्याचं कोलॅजेन घट्ट असतं आणि शिजायला वेळ लागतो. कुकरने ते काम केलेलं आहे. म्हणजे तुमच्या हातात जे आहे ते कोरड्या रोस्टपेक्षा पॉट रोस्टच्या जवळचं आहे.

तुमची खरी दौलत मांसाबरोबरची यखनी आहे. कोल्हापूरकडे तिलाच अळणी म्हणतील. ती फ्रिजमध्ये थरथरणाऱ्या जेलीसारखी गोठली असेल तर जिलेटिन भरपूर उतरलं आहे असं समजा. अशा यखनीला मैदा निम्माच पुरतो. नळ्या असतील तर मांस काढून घेतल्यावर त्या पाण्यात घालून आणखी तासभर मंद उकळा आणि आतला गर झटकून सूपमध्येच फेटा. या सूपला तो क्रीमइतकाच दाटपणा देतो.

बार्लीऐवजी दलिया वापरा. हलीम आणि खिचड्यात गहू आणि मांस एकत्र शिजून एकजीव होतात, तेच इथे हवं आहे. एक लिटर यखनीला अर्धी वाटी दलिया तुपावर परतून घाला, वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. नहारीला लावता तशी भाजलेल्या कणकेची पातळ पेस्टही चालेल; एक लिटरला तीन मोठे चमचे, गार पाण्यात कालवून. थाइमऐवजी तमालपत्र आणि भरडलेली मिरी, सेलरीऐवजी कोथिंबिरीचे देठ. गरम मसाला मात्र आवरा. क्रीम आणि गरम मसाला एकत्र आले की चव पुन्हा रस्स्याकडे झुकते आणि सूपचा सौम्यपणा जातो.

प्रश्न: पहिल्या दिवशी रोस्ट सुरेख लागतो. दुसऱ्या दिवशी गरम केला की जुन्या तेलासारखा, पुठ्ठ्यासारखा वास येतो. मांस खराब झालेलं नसतं. मग हा वास कशाचा?
— एक वाचक, सिएटल

उत्तर: तुमचं नाक बरोबर सांगतं आहे. शिजवून ठेवलेल्या आणि पुन्हा तापवलेल्या मांसाचा हा विशिष्ट वास अन्नशास्त्रज्ञांनी अभ्यासलेला आहे. टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ मध्ये त्याची नोंद केली आणि त्याला नावही दिलं. मांस शिजताना त्यातल्या लाल रंगद्रव्यातलं लोह मोकळं होतं. पेशींच्या पडद्यांमधली असंतृप्त चरबी हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात आली की हे लोह तिच्या ऑक्सिडीकरणाचा वेग वाढवतं. काही तासांतच हे सुरू होतं आणि पुन्हा तापवल्यावर वास उसळून वर येतो. तो जिवाणूंचा नसतो. तरीही वासावरून मांसाची सुरक्षितता ठरवू नका. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिते.

हवा लागू न देणं हा पहिला उपाय. रोस्ट कापून ठेवू नका, अख्खा तुकडा ठेवा, कारण प्रत्येक कापाबरोबर हवेला नवा पृष्ठभाग मिळतो. उरलेली ग्रेव्ही त्याच्यावर ओतून, मांस बुडेल अशा लहान डब्यात ठेवणं सर्वांत चांगलं. ग्रेव्ही नसेल तर प्लास्टिकच्या आवरणात घट्ट गुंडाळा. दुसरा उपाय सूपमध्येच आहे. कांदा, लसूण, मिरी, रोझमेरी यांच्यात ऑक्सिडीकरण रोखणारे घटक असतात. रोझमेरीचा अर्क खाद्य उद्योगात याच कामासाठी वापरतात. म्हणून अशा मांसाच्या सूपमध्ये कांदा-लसूण सढळ हाताने घाला. आणि मांस नुसतं तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये आधी गरम करून मग सूपमध्ये टाकू नका. थंड मांस थेट सूपमध्ये जाऊ द्या.

प्रश्न: मी विद्यार्थी आहे. एकदाच मोठं पातेलंभर सूप करतो आणि आठवडाभर खातो. रात्री पातेलं तसंच शेगडीवर राहतं, सकाळी उकळून घेतो. उकळल्यावर सगळं मरतं ना?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर: नाही, आणि ही सवय आजच सोडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मांसाच्या रस्स्यांमध्ये क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू नेहमी आढळतो. त्याची बीजं उकळीतूनही जगतात. पातेलं सावकाश निवत असताना ती रुजतात आणि ४३ ते ४७ अंशांच्या आसपास, अनुकूल स्थितीत, त्यांची संख्या दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकते. मोठ्या पातेल्यातलं दाट सूप या पट्ट्यात तासन् तास राहतं, आणि दाट सूपच्या पोटात हवा कमी असते, तीही या जिवाणूला मानवते. सूप चवीला आणि वासाला चांगलंच लागतं. पोटात कळा आणि जुलाब साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात.

तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात सांगितला जाणारा नियम सोपा आहे. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात अन्न एकूण दोन तासांहून कमी राहिलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवता येतं. दोन ते चार तास झाले असतील तर तेव्हाच खाऊन टाकावं. चार तास उलटले की फेकावं. हा वेळ सगळा मिळून मोजायचा: रोस्ट टेबलावर होता तो वेळ, मांस कापत होतात तो वेळ, सूप निवत होतं तो वेळ.

गरम सूप पसरट, उथळ डब्यांत ओता. थर पाच सेंटीमीटरहून जास्त नको. सिंकमध्ये गार पाणी भरून डबे त्यात ठेवा आणि ढवळा. वाफ ओसरली की फ्रिजमध्ये. फ्रिज ५ अंशांच्या खाली असू द्या. पुन्हा तापवताना सूप मध्यापर्यंत ७५ अंशांना पोहोचलं पाहिजे, आणि जेवढं खायचं तेवढंच तापवा.

आठवडाभर मात्र नाही. शिजलेलं मांस तीन ते चार दिवसांत संपवावं असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. ब्रिटनची अन्नसुरक्षा यंत्रणा उरलेल्या पदार्थांना दोनच दिवस देते. आणि दिवस मांस पहिल्यांदा शिजलं तेव्हापासून मोजा, कारण सूप केल्याने मांस ताजं होत नाही. पहिल्या दोन दिवसांचं फ्रिजमध्ये ठेवा, बाकीचं त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका.

थोडक्यात उत्तरं

स्टॉकच्या वड्या वापरल्या तर सूप खारट होतं. वड्यांमध्ये मुख्य घटक मीठच असतो, आणि रोस्टलाही मीठ लावलेलं असतं. वडी सांगितलेल्या पाण्याच्या दुप्पट पाण्यात विरघळवा आणि मीठ मांस घातल्यावरच चाखून घाला. कॉर्न्ड बीफ उरलं असेल तर आधी कोमट पाण्यात धुवून घ्या आणि वडी वापरूच नका.

घरात सासूबाई बीफ खात नाहीत. दोन सूपं करावी लागतात. मांस शेवटी घालायचं असल्यामुळे हे सोपं आहे. सूप भाज्यांच्या स्टॉकमध्ये करा. मशरूम आणि खरपुडीमुळे ते मांसाशिवायही भरीव लागतं. त्यांच्यापुरतं सूप आधी वेगळ्या पातेल्यात काढून त्यात क्रीम घाला. उरलेल्यात मग मांस घाला. भांडी आणि पळ्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवा, म्हणजे त्या निश्चिंत मनाने जेवतील.

क्रीमचं सूप फ्रीझरमध्ये ठेवता येतं का? क्रीम आणि बटाटा दोन्ही गोठवले की पोत बिघडतो. क्रीम फुटतं, बटाटा रवाळ होतो. म्हणून क्रीम घालण्याआधीचं आणि बटाटा पूर्ण घोटलेलं सूप गोठवा. खायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळायला ठेवा, दुसऱ्या दिवशी खळखळून उकळा आणि उतरवून क्रीम घाला. दोन-तीन महिन्यांत संपवा. त्यानंतर ते बाधत नाही, पण चव उतरते.

सगळ्यांनाच एक विनंती. उरलेलं मांस डब्यात भरताना झाकणावर तीन गोष्टी लिहा: कोणता भाग, कसा शिजवला, कोणत्या तारखेला. सूप किती वेळ आचेवर ठेवायचं, त्यात काय घालायचं आणि ते करायचं की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका ओळीत मिळतात.